‘तेज गोली’ म्हणजे नक्की काय?

आमच्या शेंदूरजनाघाटात ताप आलेला माणूस दवाखान्यात शिरला की लक्षणं नंतर सांगतो, मागणी आधी सांगतो. मोहल्ल्यातला असेल तर म्हणतो, "डाक्टरसाब, तेज गोली देओ, कल तोड पे जाना है." वाडीवरून आलेला असेल तर म्हणतो, "पावरची गोई द्या साहेब, उद्या कामावर जा लागते." बोली दोन, मागणी एकच. आणि पुष्कळदा दोघांच्याही पुडीत एक गोळी अँटिबायोटिकची असते. दवाखान्यात गर्दी असली तर तीच गोळी मेडिकलच्या काउंटरवरून थेट मिळते, तीही सुटी, कात्रीने पट्टी कापून.

मी डॉक्टर नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारा शिक्षक आहे. तरीही या विषयावर लिहितो आहे, कारण यातला निम्मा गोंधळ औषधाचा नसून शब्दाचा आहे आणि शब्दांचे गोंधळ सोडवणं हेच आमचं काम. लोक ज्याला ‘तेज’, ‘पावरची’, ‘हाय डोसची’ म्हणतात, ती बहुतेक वेळा ‘ब्रॉड-स्पेक्ट्रम’ अँटिबायोटिक असते. ब्रॉड म्हणजे रुंद. रुंद आणि तेज हे दोन वेगळे शब्द आहेत, त्यांचा अर्थही वेगळा आहे. तो फरक न कळल्यामुळे आपण काय काय गमावतो आहोत, हे सांगण्यासाठी हा लेख.

मराठीत अँटिबायोटिकला प्रतिजैविक म्हणतात. उर्दूत जरासीम-कुश असा शब्द चालतो, म्हणजे जंतू मारणारं. हे जंतू म्हणजे जिवाणू, बॅक्टेरिया. सर्दी, फ्लू, डेंग्यू हे आजार विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर कुठलंही अँटिबायोटिक चालत नाही, रुंदही नाही आणि अरुंदही नाही. जिवाणूंमध्येही जाती-जमाती खूप. १८८४ साली डेन्मार्कच्या हान्स क्रिस्टियन ग्राम यांनी जिवाणूंना रंग देण्याची एक पद्धत शोधली. तिच्यात काही जिवाणू जांभळे राहतात, काही गुलाबी दिसतात. जांभळे ते ग्राम-पॉझिटिव्ह, गुलाबी ते ग्राम-निगेटिव्ह. सुरुवातीचं पेनिसिलिन मुख्यतः पहिल्या गटावर चाले, दुसऱ्या गटातल्या बहुतेकांवर त्याची मात्रा नव्हती. जे औषध दोन्ही गटांतल्या अनेक जातींना आवरतं, ते रुंद पल्ल्याचं.

आपल्या भागातल्या वाचकाला हे तणनाशकावरून लगेच कळेल. एक तणनाशक निवडक असतं, ठरावीक तणच मारतं. दुसरं सरसकट असतं, हिरवं दिसेल ते जाळतं. सरसकट म्हणून ते जास्त चांगलं, असं कुठलाही संत्रावाला म्हणणार नाही. ते कुठे मारायचं, कुठे नाही, हे तो नोझल हातात घेण्याआधी ठरवतो. झाडाच्या बाबतीत जी अक्कल आपल्याकडे आहे, ती पोराच्या बाबतीत कुठे जाते?

रुंद पल्ल्याच्या औषधांची गोष्ट भारताशीही जोडलेली आहे. अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत बेंजामिन डग्गर यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ऑरिओमायसिन मिळवलं आणि १९४८ साली ते जगापुढे आलं. टेट्रासायक्लिन घराण्यातलं हे पहिलं औषध. त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव. पुढे १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. त्यामागे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत होती. गरीब देशाला ही औषधं स्वतः बनवता यावीत, हा त्यामागचा विचार. ज्या पिढीने न्यूमोनियाने आणि बाळंतरोगाने घरातली माणसं जाताना पाहिली होती, तिच्यासाठी ही औषधं चमत्कारच होती. हा लेख अँटिबायोटिकच्या विरोधात नाही, हे एवढ्यासाठीच आधी सांगून ठेवतो.

मग रुंद पल्ल्याचं औषध हवं कधी? उत्तर सोपं आहे: शत्रू कोण ते माहीत नाही आणि माहीत होईपर्यंत थांबायला वेळ नाही, तेव्हा. रक्तात जंतुसंसर्ग पसरून रक्तदाब कोसळतो आहे, मेंदूज्वराची शंका आहे, न्यूमोनियाने दम लागला आहे, आतडं फुटून पोटात घाण पसरली आहे, कॅन्सरच्या औषधांनी पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला ताप आला आहे. अशा वेळी चांगला डॉक्टर आधी रक्ताचा किंवा लघवीचा नमुना तपासणीला पाठवतो आणि लगेच रुंद पल्ल्याचं औषध सुरू करतो. जंतू वाढवून तो कोणता आणि कोणत्या औषधाला मरतो हे सांगणारा कल्चरचा रिपोर्ट साधारण दोन-तीन दिवसांनी येतो. रिपोर्ट आला की रुंद औषध बंद करून त्या जंतूवर नेमकं लागू पडणारं, शक्य तितकं अरुंद औषध द्यायचं. म्हणजे रुंद पल्ला हा अंधारातला पहिला उपाय आहे. उजेड पडला की तो सोडायचा असतो.

याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच विदर्भात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायांना प्रशिक्षण दिलं. बाळ अंगावर पीत नाही, गळून गेलं आहे, रडणं क्षीण झालं आहे, अशी ठरावीक लक्षणं शिकवली. जंतुसंसर्गाची ती लक्षणं दिसली आणि आईबाप दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि को-ट्रायमोक्झॅझोलचं पातळ औषध द्यायला शिकवलं. त्याआधी असा जंतुसंसर्ग झालेल्या शंभर बाळांपैकी सोळा-सतरा दगावत. उपचार सुरू झाल्यावर ते प्रमाण तीनच्याही खाली आलं. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि जगाने त्यापासून धडा घेतला.

यात नीट बघण्यासारखी गोष्ट कोणती? औषधं महागडी नव्हती, नवी नव्हती, ‘तेज’ म्हणून गाजलेलीही नव्हती. देणाऱ्या बाया एमबीबीएस नव्हत्या. पण कोणत्या बाळाला द्यायचं आणि कोणत्याला नाही, याचा नियम पक्का होता. जीव वाचले ते या नियमासकट दिलेल्या औषधाने.

दुसरं उदाहरण २०१८ चं. त्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत स्क्रब टायफसने माणसं दगावली. गवतात, झुडपांत असणाऱ्या बारीक चिगर किड्याच्या चाव्यातून हा ताप येतो. चावा काखेत, जांघेत, कमरेला असतो आणि पुष्कळांना तिथे सिगारेटने डागल्यासारखी काळी खपली दिसते. या तापावर डॉक्सिसायक्लिन हे जुनं, स्वस्त औषध वेळेत मिळालं तर रुग्ण झपाट्याने सुधारतो. आता गंमत बघा. लोकांच्या मते सगळ्यांत ‘तेज’ म्हणजे सेफ्ट्रियाक्झोनचं इंजेक्शन. तेही रुंद पल्ल्याचंच आहे आणि जागी दिलं तर जीव वाचवणारं आहे. पण स्क्रब टायफसचा जंतू पेशीच्या आत लपून राहतो आणि या घराण्यातल्या औषधांनी त्याचं काहीही बिघडत नाही. सलाईनमधून आठ दिवस ते दिलं तरी ताप हटणार नाही, मात्र हाताशी असलेले दिवस निघून जातील. रुंद म्हणजे सगळ्यांवर चालणारं नव्हे. प्रत्येक रुंद औषधाचीही आपली एक यादी असते आणि आपला जंतू त्या यादीत आहे का, हा खरा प्रश्न असतो. तो सोडवायला डॉक्टरला रुग्णाचा सदरा वर करून खपली शोधावी लागते. त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ आपण त्याला देत नाही आणि तोही घेत नाही.

आपल्याकडे घडतं ते असं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला नाही की ‘विडाल’ तपासणी होते. त्यात जरा रेघ वर दिसली की ‘टायफॉइड निघाला’. एकट्या विडालवरून टायफॉइड ठरवू नये, ही गोष्ट वैद्यकीय पुस्तकांत केव्हाची आहे. पूर्वी कधी येऊन गेलेल्या संसर्गाने, दुसऱ्याच तापानेही ती तपासणी ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. खात्री करायची तर रक्ताचं कल्चर हवं, तेही अँटिबायोटिकचा पहिला डोस पडण्याआधी. पण तोवर सलाईन लागलेली असते. पाच-सात दिवस इंजेक्शन, रोजची मजुरी बुडालेली, सोबतीला बसणाऱ्या बाईचीही बुडालेली. माणूस बरा होतो, कारण पुष्कळदा तो ताप विषाणूचा असतो आणि आठवड्यात आपसूकच जाणार असतो. श्रेय मात्र इंजेक्शनला मिळतं आणि पुढच्या तापाला मागणी आणखी पक्की होते.

आता तोटे बघू. पहिला तोटा घेणाऱ्याच्या शरीराला. आपल्या आतड्यात कोट्यवधी उपयोगी जिवाणू असतात. ते अन्न पचवायला मदत करतात आणि वाईट जंतूंना जागा मिळू देत नाहीत. सरसकट तणनाशक बांधावरचं गवत जाळून थांबत नाही. म्हणून अँटिबायोटिकनंतर जुलाब लागतात, तोंडात पांढरे चट्टे येतात, बायकांना अंगावर खाज आणि पांढरं जाण्याचा त्रास होतो. आतलं रान मोकळं झालं की तिथे बुरशी माजते. कधीकधी क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जंतू माजतो आणि आतड्याला अशी सूज येते की जिवावर बेततं. याशिवाय प्रत्येक औषधाचा आपला स्वभाव आहे. टेट्रासायक्लिनने वाढत्या मुलांचे दात कायमचे पिवळे-तपकिरी होऊ शकतात, म्हणून ते गरोदर बाई आणि लहान मुलांना टाळतात. क्लोरॅम्फेनिकॉलने एकेकाळी टायफॉइडचे हजारो रुग्ण वाचवले, पण क्वचित कुणाचा अस्थिमज्जाच रक्त बनवणं थांबवतो, हे लक्षात आल्यावर ते मागे पडलं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांनी कधीकधी टाचेमागची शीर तुटते, मधुमेह्याची साखर एकदम खालीवर होते. खरी गरज असेल तेव्हा हा धोका पत्करावाच लागतो. साध्या सर्दीसाठी तो कशाला पत्करायचा?

दुसरा तोटा आपल्या एकट्याचा नाही, सगळ्या गावाचा आहे. औषधाने कमजोर जंतू मरतात, जे तगतात ते पुढे वाढतात. एवढ्यावर भागत नाही. परीक्षेत कॉपीची चिठ्ठी एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जावी, तसे जंतू औषधाला तोंड देण्याची युक्ती दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देतात. मी घेतलेल्या नको त्या गोळीने माझ्या आतड्यात जे जंतू निबर झाले, ते सांडपाण्यातून, हातातून शेजारच्या घरी जातात. २०१० साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांत एनडीएम-१ ही युक्ती असलेले जंतू सापडल्याचं प्रसिद्ध केलं. कार्बापेनेम नावाची, अगदी शेवटी वापरायची रुंद औषधंही या जंतूंपुढे निकामी ठरतात. जगभरात २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंनी थेट घेतलेले बळी सुमारे १२ लाख ७० हजार होते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आमच्या उर्दूत ‘अमानत’ हा शब्द आहे. मराठीतला ‘अनामत’ त्याच्याच घरचा. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेवलेली असते, ती आपण खर्चून टाकायची नसते. उद्या गडचिरोलीत किंवा मेळघाटात जन्मणाऱ्या बाळाला जे औषध लागणार आहे, ते आज आपण सर्दीवर उधळत असू, तर ती अमानतीत खयानतच आहे.

आणि हे दवाखान्यापुरतं नाही. आपलं गाव संत्र्याच्या कलमांचं. वरुड तालुक्यात कृषी केंद्रावर उभं राहिलेल्या कुणालाही स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी ओळखीची आहे. त्या पुडीत असतं स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. पहिलं टीबीवरचं जुनं औषध, दुसरं रुंद पल्ल्याच्या औषधांचं मूळ घराणं. लिंबावरच्या खैऱ्या रोगाला ते शिफारशीत होतं, कारण खैऱ्या जिवाणूचा रोग आहे. पण फवारणीची टाकी भरताना ‘असू दे, टाक एक पुडी’ ही सवय पडली. संत्र्याचा डिंक्या बुरशीने येतो. तिथे जिवाणूंचं औषध टाकणं म्हणजे डेंग्यूला सेफ्ट्रियाक्झोन देण्यासारखंच. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने ही दोन्ही औषधं शेतीतून हटवण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. वापर पूर्ण थांबवण्यासाठी त्यात १ जानेवारी २०२४ ही तारीख होती. माणसाच्या औषधाची फवारणी मातीत आणि विहिरीत उतरते, तिथल्या जंतूंनाही तालीम देते, हे त्यामागचं कारण. आपल्या वाडीवर ही गोष्ट किती जणांपर्यंत पोहोचली, हे ज्याने त्याने आपल्या शेडमध्ये बघावं.

आता कुणी म्हणेल, मास्तर, तुमचा पगार चालू आहे म्हणून हे सुचतं. तोडीवर जाणाऱ्याचा एक दिवस बुडाला तर संध्याकाळची चूल अडते, त्याने कल्चरच्या रिपोर्टची वाट कशी बघायची? हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. गरिबाला लवकर बरं व्हायचं असतं, त्यात त्याचा काय गुन्हा? गल्लीतल्या डॉक्टरचीही अडचण आहे. हाताशी प्रयोगशाळा नाही, रोगी परत येईल याची खात्री नाही आणि साधी पॅरासिटामॉल दिली तर तो उद्या शेजारच्या दवाखान्यात जाईल. म्हणून दोष एकट्या रुग्णावर किंवा एकट्या डॉक्टरवर टाकून चालणार नाही. पण याच गरिबाच्या बाजूने हिशेब करून पाहा. विषाणूच्या तापाला गोळी घेतली तरी तो एक दिवसही लवकर उतरत नाही. वर जुलाब लागले तर आणखी दोन दिवस गेले. आणि उद्या खरोखरचा जंतुसंसर्ग झाला, तेव्हा स्वस्त गोळी चालली नाही तर नागपूरच्या खासगी दवाखान्यातलं महागडं इंजेक्शन श्रीमंताला परवडेल, तोडीवरच्या मजुराला परवडणार नाही. औषधं निकामी होण्याची सगळ्यांत मोठी किंमत त्यालाच मोजावी लागेल.

सरकारच्या बाजूने नियम आहेत. १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ लागू आहे. सेफिक्झिम, सेफ्ट्रियाक्झोनसारखी औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि विकली की रुग्णाचं, डॉक्टरचं नाव वहीत नोंदवून ती वही तीन वर्षं ठेवायची. पट्टीवर तांबडी उभी रेघ असते, तीही याचसाठी. केरळ सरकारने २०२४ च्या सुरुवातीला ‘ऑपरेशन अमृत’ नावाने मेडिकल दुकानांची तपासणी मोहीमच काढली. महाराष्ट्रातही अशी मोहीम नियमित चालावी. त्याहून मोठी मागणी म्हणजे तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कल्चरची सोय किंवा निदान नमुना जिल्ह्याला पाठवून रिपोर्ट मोबाईलवर मिळण्याची व्यवस्था. ही सोय नसताना ‘रिपोर्ट बघून औषध द्या’ असं सांगणं म्हणजे फळ्याशिवाय खडू देणं.

आपल्या हातातही बरंच आहे. डॉक्टरला ‘तेज द्या’ म्हणण्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत: हा ताप जिवाणूचा वाटतो का? ही गोळी किती दिवस घ्यायची? आणि कोणती लक्षणं दिसली तर लगेच परत यायचं? उरलेल्या गोळ्या डब्यात जपून ठेवून शेजाऱ्याच्या पोराला देऊ नयेत. लहान मुलाला पाण्यासारखे जुलाब लागले तर आधी ओआरएस आणि झिंक. उमऱ्याला जाताना सामानात अझिथ्रोमायसिनची पाकिटं भरून घशात खवखवलं की एक गोळी, ही रीत सोडावी. रमजानात औषध चालू असेल तर डॉक्टरला रोजा असल्याचं सांगावं. काही औषधं दिवसातून एकदा किंवा दोनदाच लागतात, सहरी-इफ्तारला जमतात. डॉक्सिसायक्लिन सहरीला घेतलं तर भरपूर पाण्यासोबत घ्यावं आणि लगेच आडवं होऊ नये, अन्ननलिकेला जखम होते. तीन वेळचं औषध मनानेच दोन वेळा करणं मात्र धोक्याचं. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलायची सवलत दीननेच दिली आहे, ती घेण्यात संकोच कसला?

पोलिओच्या वेळी मशिदीतून ऐलान झाले, शाळांतून फेऱ्या निघाल्या आणि पोलिओ गेला. हे काम त्याहून सोपं आहे, यात कुणाला काही पाजायचं नाही. शाळा उघडल्यावर पहिल्या पालकसभेत मी औषधाची एक रिकामी पट्टी घेऊन उभा राहणार आहे आणि तिच्यावरची तांबडी रेघ दाखवणार आहे. जुम्याच्या नमाजनंतर दोन मिनिटं यावर बोलायला इमामसाहेबांना आणि एका डॉक्टरांना विनंती करणार आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणाचं मेडिकलचं दुकान असेल, कृषी केंद्र असेल, तर त्यांनी काउंटरवर एवढंच विचारायला सुरुवात करावी: कशासाठी पाहिजे?